पांढरा पाच

सत्तावीस वर्षं देओलिंदानं बुचं निवडली.
पट्ट्यावरून ती खडखडत यायची,
तिची बोटं उचलायची, फिरवायची, टाकायची:
एक नंबरची डावीकडे,
तडकलेली उजवीकडे,
मुंग्यांनी पोखरलेली पायाशी.
हे सगळं बोलता बोलता,
जावेच्या उचापती सांगता सांगता.
डोळ्यांचं तसं फार काम नसायचं.

मग कॅमेरा आला.
त्याआधी पाच आठवडे तिला वेगळं टेबल दिलं,
खुर्चीला पाठ होती, भत्ता जादा.
चाळीस हजार बुचांवर तिनं हो-नाही केलं.
तिला वाटलं, बढती.
‘हे का नापास?’ चष्मेवाला पोरगा विचारायचा.
‘बघ ना,’ ती म्हणायची.
तो बघायचा. बटण दाबायचा.
तेवढंच पुरलं त्याला.

रोजगार कचेरीनं बारा संध्याकाळचा वर्ग घेतला,
फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये, मागे लाल बंब उभा.
लिस्बनहून आलेल्या बाईंनी सांगितलं,
यंत्राला जमणार नाही तेच शिका.
आणि फळ्यावर लिहिलं:
कल्पकता, सहानुभूती, नेतृत्व.
देओलिंदानं तिन्ही शब्द वहीत उतरवले.
त्यांच्याखाली लिहिलं: बटाटे, साबण, गॅस.

तेल्मू फोनवर म्हणाला,
‘आई, मी भाषांतरं करतो. मला काय विचारतेस,
माझंच काही खरं नाही.’
दोघं थोडा वेळ हसले,
मग कुणीच फोन ठेवीना.

मे महिन्यात ती एवारिस्तूच्या टोळीबरोबर रानात गेली.
बायका इथे पाणी देतात, तुकडे वेचतात.
तिनं कुऱ्हाड मागितली.
टोळीतले दोघं खोकले.
एवारिस्तू एकाहत्तरचा, गुडघा गेलेला,
शिकायला आलेलं शेवटचं पोर
स्वित्झर्लंडला फरशा बसवायला निघून गेलेलं.
त्यानं तिच्याकडे नाही, तिच्या बोटांकडे पाहिलं.

आधी ऐक, म्हणाला.
पोकळ वाजलं तर साल सुटायला आली.
बद्द वाजलं तर जा घरी,
झाड आज देत नाही.
आतल्या थराला इथे आई म्हणतात.
तिला पातं लागता कामा नये.

तिसऱ्या दिवशी लागलं.
करंगळीएवढी जखम,
ओली.
एवारिस्तू ओरडला असता तर बरं झालं असतं.
त्यानं नुसता तिचा हात धरून तिथे टेकवला,
आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत काढू दिला नाही.

जूनअखेर फोड फुटून कातडं राठ झालं.
मधेच कधीतरी, घाव घालायच्या आधीच,
मनगटाला कळू लागलं.
कसं, ते सांगता येत नाही.
हे वाक्य तिनं आधीही कुठेतरी म्हटलेलं.

जुलैत विद्यापीठाची गाडी आली.
दोन भाऊ, पिवळे बूट,
नवी करवत, पात्यात सेन्सर,
किती खोल जायचं ते स्वतःच ओळखणारी.
अजून चुकते म्हणाले, दहात तीनदा.
मोठ्यानं खोडाला वायरी चिकटवल्या
आणि अदबीनं विचारलं,
‘काका, तुम्हाला नेमकं कसं कळतं?’

एवारिस्तू खुलला.
चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
त्यानं तोंड उघडलं,
आणि देओलिंदानं त्याच्या कोपराला हात लावला.
‘तासाचे किती?’ तिनं विचारलं.
‘आणि कागदावर आमची नावं कुठे असतील?’

भाऊ एकमेकांकडे बघू लागले.
धाकटा म्हणाला, सरांना विचारून सांगतो.
रेंज शोधत तो टेकडीवर चढला,
फोन डोक्यावर धरून.

तोवर काम थोडंच थांबणार!
नागड्या लालसर खोडावर
वर्षाचा शेवटचा आकडा रंगवायचा असतो;
पुन्हा साल नऊ वर्षांनी.
डबा एवारिस्तूनं तिच्याकडे सरकवला.
तेव्हा ती छप्पन्नची असेल.
त्याचा हिशेब दोघांनीही केला नाही.

ब्रश जरा जास्तच भिजला.
पाचाच्या पोटातून एक ओघळ निघाला,
तो तिनं अंगठ्यानं पुसला,
आणि आकडा परत गिरवला,
जीभ दातांत धरून, पाटीवर गिरवावा तसा.
टेकडीवरून अजून हाक आली नव्हती.